ग्राफ अल्गोरिदमच्या मुक्तस्रोत लायब्ररीची २.० आवृत्ती: आधी काय हाती घ्यावे?

प्रश्न

आम्ही तिघे जण नोकरी सांभाळून ग्राफ, म्हणजे नोड (बिंदू) आणि त्यांना जोडणाऱ्या कडा, यांवरच्या अल्गोरिदमची एक मुक्तस्रोत लायब्ररी चालवतो. तिचा गाभा सी++मध्ये लिहिलेला असून त्यावर पायथनचा पातळ थर आहे. लघुतम मार्गांसाठी डायक्स्ट्रा, बेलमन-फोर्ड आणि फ्लॉइड-वॉर्शल, सर्व नोड किमान वजनात जोडणारा क्रुस्कल, टार्जनचा स्ट्राँगली कनेक्टेड कम्पोनंटचा (एकमेकांपर्यंत पोहोचता येणाऱ्या नोडांच्या गटांचा) अल्गोरिदम, नोडांच्या जोड्या लावणारा हॉपक्रॉफ्ट-कार्प, कमाल प्रवाह काढणारा एडमंड्स-कार्प आणि नोडांचे महत्त्व मोजणारा पेजरँक एवढी सामग्री आज तिच्यात आहे. ग्राफ साठवण्याची पद्धत मात्र अगदी पहिल्या दिवसापासून बदललेली नाही: प्रत्येक नोड हा एक ऑब्जेक्ट, प्रत्येक कड हा एक ऑब्जेक्ट, कडा एकमेकींना पॉइंटरने (मेमरीतल्या पत्त्याने) जोडलेल्या आणि नोडचे नाव स्ट्रिंग म्हणून हॅश टेबलमध्ये ठेवलेले.

आता २.० आवृत्तीचा विचार सुरू आहे. जुन्या कोडशी सुसंगती मोडण्याची मुभा आम्ही वापरकर्त्यांकडून फक्त याच वेळी मागणार आहोत आणि त्यानंतर काही वर्षे तरी पुन्हा मागणार नाही, त्यामुळे निवड चुकली तर ती दीर्घकाळ निस्तरावी लागेल. आलेल्या मागण्या तीन दिशांना ओढतात. काहींना नवे अल्गोरिदम हवे आहेत, त्यांत कम्युनिटी (आपसांत दाट जोडलेल्या नोडांचे गट) शोधण्यासाठी लायडन आणि रस्त्यांच्या जाळ्यांसाठी काँट्रॅक्शन हायरार्की यांची मागणी सर्वाधिक आहे. काहींना सध्याचेच अल्गोरिदम अनेक थ्रेडवर, म्हणजे अनेक कोअरवर एकाच वेळी, चालायला हवे आहेत. उरलेल्यांच्या तक्रारी किरकोळ वाटतात, पण त्यांची संख्या मोठी आहे.

माझा स्वतःचा कल थ्रेडकडे आहे, आणि त्याचे कारणही सांगतो. लघुतम मार्गांवरील २००६च्या डिमॅक्स स्पर्धेसाठी तयार झालेले अमेरिकेच्या रस्त्यांचे जाळे (२,३९,४७,३४७ नोड आणि ५,८३,३३,३४४ दिशायुक्त कडा) मी ८ जीबी मेमरीच्या लॅपटॉपवर चालवून पाहिले. ग्राफ वाचून होईपर्यंतच यंत्र स्वॅपमध्ये गेले (मेमरी अपुरी पडून डिस्क वापरू लागले), आणि नंतर डायक्स्ट्राची एक फेरी चालू असताना मी जेवून परत आलो तरी ती संपलेली नव्हती. हाताशी आठ कोअर असताना त्यांतला एकच राबतो, हे खटकते. अशा कामाचा अनुभव असलेल्यांनी आपले मत सांगावे, ही विनंती.

उत्तर १

आपण दिलेले उदाहरणच आपल्या कलाच्या विरोधात साक्ष देते. तो एक कोअरसुद्धा राबत नव्हता, तो मेमरीची वाट पाहत बसला होता. त्याच्या जोडीला आणखी सात कोअर आणून बसवले तर आठही जण एकाच दारात ताटकळतील.

थोडा हिशेब मांडू. आपल्या कडेच्या ऑब्जेक्टमध्ये दोन टोकांचे पॉइंटर, यादीतल्या पुढच्या-मागच्या कडांचे पॉइंटर, वजन आणि क्रमांक असे सहा घटक ८ बाइटचे धरले तर एका कडेला ४८ बाइट लागतात. त्याला ५.८३ कोटींनी गुणले की नुसत्या कडांचेच सुमारे २.८ जीबी होतात. त्यात अडीच कोटींच्या घरातले नोड, त्यांची स्ट्रिंग नावे आणि हॅश टेबल मिळवले की ८ जीबीचा लॅपटॉप का गुदमरला, हे वेगळे सांगायला नको.

याच जागी सीएसआर, म्हणजे कम्प्रेस्ड स्पार्स रो, ही जुनीच मांडणी वापरून पाहावी. तिच्यात सगळ्या कडांची पोहोचटोके एकाच सलग अॅरेमध्ये असतात आणि दुसरा अॅरे कोणत्या नोडच्या कडा कुठून सुरू होतात ते सांगतो. समजा ० ते ३ असे चार नोड आहेत आणि ०→१, ०→२, १→२, २→३ अशा कडा आहेत. टोकांचा अॅरे होईल १, २, २, ३ आणि सुरुवातीचा अॅरे होईल ०, २, ३, ४, ४. नोड १चे शेजारी हवे असतील तर सुरुवातीच्या अॅरेमधले त्याचे आणि त्याच्या पुढच्याचे मूल्य पाहायचे. ती २ आणि ३ आहेत, म्हणजे टोकांच्या अॅरेमधली फक्त २ क्रमांकाची जागा वाचायची, आणि तिथे २ हा नोड आहे. रस्त्यांच्या त्याच जाळ्यासाठी सुरुवातीचा अॅरे ८ बाइटचा, टोके ४ बाइटची आणि वजने ४ बाइटची धरली तर सगळे मिळून सुमारे ६६० एमबी लागतात. शिवाय ६४ बाइटच्या एका कॅश लाइनमध्ये (प्रोसेसर मेमरीतून एका वेळी उचलतो त्या तुकड्यात) १६ शेजारी एकदम येतात, तर आपल्या रचनेत प्रत्येक शेजाऱ्यासाठी मेमरीच्या वेगळ्या कोपऱ्यात जावे लागते.

या मांडणीचा दोष असा की नवी कड घालायची झाली तर पुढचे सगळे सरकवावे लागते. म्हणून २.०मध्ये दोन स्वतंत्र प्रकार असावेत असे मला वाटते. एक ग्राफ 'घडवण्याचा', ज्यात कडा हव्या तशा टाकता याव्यात, आणि दुसरा 'गोठवलेला', जो बदलता येत नाही आणि ज्यावर सगळे अल्गोरिदम चालतात. पहिल्यातून दुसरा तयार करणे फारसे महाग नाही: एका फेरीत प्रत्येक नोडच्या कडा मोजायच्या, त्यांची चालती बेरीज करायची आणि दुसऱ्या फेरीत कडा आपापल्या जागी टाकायच्या.

गोठवलेल्या ग्राफचे आणखी एक सुख आहे. बदल होतच नसल्यामुळे तो अनेक थ्रेडना कुलपाशिवाय एकाच वेळी वाचता येतो. म्हणजे आपल्याला हवे असलेले समांतर काम पुढे २.१ किंवा २.२मध्ये एपीआय, म्हणजे वापरकर्त्यांचा कोड ज्या फंक्शनवर उभा आहे ती रचना, न मोडता करता येईल. उलट क्रमाने गेलात तर आधी जुन्या रचनेभोवती कुलपे लावाल आणि नंतर ती रचनाच टाकून द्याल. समांतर कामाच्या वेळी प्रत्येक नोडकडे येणाऱ्या कडांची उलटी सीएसआरही मागितल्यास मिळावी, अशी सोय आताच ठेवा. बीमर आणि सहकाऱ्यांनी २०१२मध्ये मांडलेली दिशा बदलणारी बीएफएस (उगमापासून थराथराने पुढे जाणारा शोध) तिच्याशिवाय दिशायुक्त ग्राफवर करता येत नाही, आणि पेजरँकलाही ती सोयीची पडते.

नोडच्या नावांबद्दलही निर्णय आताच घ्यावा लागेल. गाभ्यात फक्त पूर्णांक क्रमांक असावेत आणि नावांचा तक्ता बाहेर, पायथनच्या थरात असावा. नोड काढून टाकल्यावर क्रमांकांचे काय होते, हेही लेखी हवे. आयग्राफ या लायब्ररीत नोड काढल्यावर उरलेल्यांचे क्रमांक बदलतात. रस्ट भाषेतल्या पेटग्राफ या लायब्ररीत नेहमीच्या ग्राफप्रकारात शेवटचा नोड रिकाम्या जागी येऊन बसतो, आणि क्रमांक स्थिर हवे असणाऱ्यांसाठी वेगळा प्रकार दिलेला आहे. यांतले काहीही निवडा, पण वापरकर्त्याला ते अपघाताने कळता कामा नये.

उत्तर २

वरील उत्तराशी मी सहमत आहे, परंतु प्रश्नातला 'किरकोळ' हा शब्द मला पटला नाही. लायब्ररी संथ चालली तर माणूस वैतागतो आणि दुसरी शोधतो. ती निमूटपणे चुकीचे उत्तर देते तेव्हा माणसाला काहीच कळत नाही आणि तो पुढे जातो.

आमच्या एका प्रकल्पात कुणीतरी सवलत दाखवण्यासाठी काही कडांना ऋण वजने दिली होती. आम्ही वापरत असलेल्या लायब्ररीतल्या डायक्स्ट्राने कोणतीही कुरकूर न करता उत्तर दिले, आणि ते चुकीचे असल्याचे लक्षात यायला तीन आठवडे गेले. गोष्ट किती साधी आहे पाहा. अ→ब वजन २, अ→क वजन ३, क→ब वजन −२ आणि ब→ड वजन १. डायक्स्ट्रा आधी 'ब'ला २ देऊन पक्का करतो आणि त्यावरून 'ड'ला ३ देतो. नंतर 'क' हाती येतो आणि त्याच्यामार्गे 'ब'चे अंतर १ होते हे दिसते, पण 'ब' आता बंद झालेला आहे. खरी उत्तरे १ आणि २, मिळालेली २ आणि ३. आकडे इतके जवळचे आणि इतके सभ्य दिसतात की शंकासुद्धा येत नाही. कड तपासताना 'वजन शून्याहून कमी आहे का' एवढे विचारले असते तर त्याचा खर्च मोजता येण्याइतकाही नव्हता.

आपल्या यादीतल्या आणखी दोन जागा मी डोळे मिटून दाखवू शकतो. फ्लॉइड-वॉर्शलमध्ये 'मार्ग नाही' हे दाखवण्यासाठी २,१४,७४,८३,६४७ ही ३२ बिटांची कमाल संख्या ठेवलेली असेल, तर तिच्यात १ मिळवल्याबरोबर बहुतेक यंत्रांवर ती मोठी ऋण संख्या होते आणि नसलेला मार्ग सर्वांत जवळचा ठरतो. (सी++च्या नियमांनुसार तर तिथे काय व्हावे याची हमीच नाही.) अंतरे ६४ बिटांत ठेवावीत आणि बेरजेआधी अनंत तपासावे. दुसरी जागा म्हणजे टार्जन. पाठ्यपुस्तकातली १९७२च्या या अल्गोरिदमची मांडणी रिकर्सिव्ह (स्वतःलाच पुन्हा पुन्हा हाक मारणारी) असते. १० लाख नोडांची एक सरळ साखळी तिला देऊन पाहा. लिनक्सवर मुख्य थ्रेडचा स्टॅक, म्हणजे अशा हाकांसाठीची जागा, सहसा ८ एमबी असतो, आणि प्रत्येक पायरीला १०० बाइट जरी लागले तरी १०० एमबी हवेत. प्रोग्राम कोसळतो, आणि पायथनमध्ये बसलेल्या माणसाला धड एररही दिसत नाही.

माझी मुख्य सूचना मात्र याच्याही पुढची आहे. प्रत्येक अल्गोरिदमने उत्तराबरोबर त्याचा पुरावाही द्यावा, आणि तो पुरावा तपासणारे छोटे, वेगळे फंक्शन लायब्ररीत असावे. एडमंड्स-कार्पने कमाल प्रवाहाबरोबर तितक्याच क्षमतेचा छेद, म्हणजे काढल्यास उगम आणि अंत्य तुटतात अशा कडांचा संच, द्यावा. हॉपक्रॉफ्ट-कार्पने जोड्यांबरोबर तितक्याच आकाराचे नोडांचे आच्छादन (प्रत्येक कडेचे निदान एक टोक ज्यात येते असा संच) द्यावे, कारण दुभागी ग्राफमध्ये, म्हणजे जिथे नोडांचे दोन गट असून प्रत्येक कड एका गटातून दुसऱ्यात जाते तिथे, ते असतेच, हे कोनिगच्या प्रमेयाने ठरलेले आहे. ग्राफ दुभागी नसेल तर नुसते 'नाही' न म्हणता विषम लांबीचे चक्र हातात द्यावे. लघुतम मार्गासाठी तपास सोपा आहे: उगमाचे अंतर शून्य असावे, कोणत्याही कडेने कोणतेही अंतर कमी होऊ नये आणि उगम सोडून प्रत्येक पोहोचलेल्या नोडला बरोबर तेवढे अंतर देणारी एक कड असावी. ही कल्पना माझी नाही. लेडा या लायब्ररीत ग्राफ सपाट पृष्ठावर कडा न छेदता काढता येतो की नाही हे तपासणाऱ्या सुरुवातीच्या कोडने एका काढता येण्याजोग्या ग्राफला 'नाही' म्हटले होते, आणि त्या धक्क्यानंतर तिच्या कर्त्यांनी पुरावा देणाऱ्या अल्गोरिदमचा आग्रह धरला.

उत्तर ३

माझा प्रश्न लहान आहे. २०२५मध्ये दिशायुक्त ग्राफवरील लघुतम मार्गांसाठी डायक्स्ट्राची क्रमवारीची मर्यादा (नोड अंतरानुसार क्रमाने लावायला लागणारा वेळ) ओलांडणारा अल्गोरिदम प्रसिद्ध झाला आहे. २.०मध्ये तोच का घालू नये? त्यामुळे लायब्ररीकडे लक्षही वेधले जाईल.

उत्तर ४ (उत्तर १चे लेखक)

लक्ष वेधले जाईल, यात शंका नाही. परंतु सिद्धान्तातली सुधारणा आणि घड्याळातली सुधारणा या दोन वेगळ्या वस्तू आहेत. डायक्स्ट्रा पुढचा सर्वांत जवळचा नोड ज्या साठ्यातून उचलतो त्याला हीप म्हणतात. फ्रेडमन आणि टार्जन यांचा फिबोनाची हीप १९८०च्या दशकापासून उपलब्ध आहे, कागदावर तो साध्या बायनरी हीपहून सरस आहे, आणि तरीही प्रत्यक्ष कोडमध्ये साधा हीपच सहसा पुढे राहतो, कारण फिबोनाची हीपची प्रत्येक हालचाल पॉइंटरमागे धावते. इतकेच काय, हीपमधली किंमत कमी करण्याची क्रियाही टाळता येते: नवी नोंद टाकायची आणि जुनी बाहेर आली की ती शिळी आहे हे पाहून फेकायची. त्यामुळे हीप कडांच्या संख्येइतका फुगू शकतो, पण साध्या ग्राफमध्ये कडा नोडसंख्येच्या वर्गाहून कमीच असतात, म्हणून हीपच्या वेळेतला लॉगरिदम फार तर दुप्पट होतो आणि वेळेच्या वाढीचा दर तोच राहतो. नवा अल्गोरिदम प्रयोगाच्या वेगळ्या शाखेत जरूर असावा, मुख्य आवृत्तीत आज नको.

लायडनचे मात्र मी समर्थन करीन. २००८च्या लुव्हॅन पद्धतीत एकाच कम्युनिटीचे तुकडे आपसांत जोडलेलेच नाहीत असे घडू शकते, आणि २०१९च्या लायडनने तेच दुरुस्त केले. तिथे फरक उत्तराच्या गुणवत्तेचा आहे. फक्त यादृच्छिकतेचे बीज (ज्यामुळे तेच यादृच्छिक आकडे पुन्हा मिळतात) देण्याची सोय ठेवा, नाहीतर दर वेळी वेगळे उत्तर येते म्हणून तक्रारींची नवी रांग लागेल.

उत्तर ५

उत्तर २मधल्या तपासात एक छिद्र आहे, ते बुजवल्याशिवाय तो वापरू नये. शून्य वजनाच्या कडा असतील तर दोन नोड एकमेकांनाच साक्षीदार ठेवून खोटे अंतर सांगू शकतात: 'प' म्हणतो मला 'फ'कडून मिळाले, 'फ' म्हणतो मला 'प'कडून, दोघांचे अंतर ४, मधल्या कडा शून्याच्या. खरे अंतर ७ असेल तर तिन्ही अटी पाळल्या जातात आणि उत्तर चुकीचे राहते. म्हणून या साक्षीदार कडा मागे मागे जात उगमापर्यंत पोहोचतात, वाटेत चक्र होत नाही, हेही पाहावे लागते. त्याचप्रमाणे पोहोचलेल्या नोडपासून न पोहोचलेल्या नोडकडे एकही कड जात नाही, हे तपासावे. दशांश वजनांची मात्र काळजी नको: तपासात तीच बेरीज त्याच प्रकारच्या संख्यांवर केली तर समानता काटेकोर मिळते.

पायथनच्या थराबद्दलही एक सुचवतो, कारण बहुतेक वापरकर्ते तिथूनच येतात. सायपाय या पायथनच्या वैज्ञानिक लायब्ररीतल्या सीएसआर मॅट्रिक्समध्ये उत्तर १मध्ये सांगितलेले तिन्ही अॅरे जसेच्या तसे असतात. आपली रचना त्यांच्याशी जुळली तर ते अॅरे नक्कल न करता थेट घेता येतील, आणि ५ कोटी कडा पायथनच्या लूपमधून एकेक करून ओतण्याची वेळ येणार नाही. गाभ्यातले काम चालू असताना एका वेळी एकच थ्रेड चालू देणारे पायथनचे कुलूप, म्हणजे जीआयएल, सोडायला विसरू नका. त्यानंतर नेटवर्कएक्स या पायथनमधल्या ग्राफ लायब्ररीचे बॅकएंड (मागे राहून प्रत्यक्ष काम करणारा भाग) म्हणून उभे राहण्याचा विचार करा. त्याच्या ३.x आवृत्त्यांत फंक्शनची हाक बाहेरच्या लायब्ररीकडे वळवण्याची सोय आहे, त्यामुळे लोकांना आपला जुना कोड फारसा न बदलता तुमचा वेग मिळू शकेल. तीन जणांच्या चमूने आपली स्वतंत्र पायथन एपीआय नव्याने घडवत बसणे मला उधळपट्टी वाटते.

आणि प्रत्येक फंक्शनच्या माहितीत तीन ओळी सक्तीच्या करा: स्वतःकडेच येणारी कड चालते का, दोन नोडांमध्ये एकाहून अधिक कडा चालतात का, आणि ग्राफ रिकामा असेल तर काय परत मिळते. मी आजवर वाचलेल्या बहुतेक इश्यूंचे (नोंदवलेल्या तक्रारींचे) मूळ या तीन प्रश्नांत होते.

प्रश्नकर्त्याकडून

सर्वांचे आभार. आम्ही तिघांनी काल बोलून थ्रेडचे काम २.०मधून काढले आहे. गोठवलेला ग्राफ, पूर्णांक क्रमांक आणि सायपायशी जुळणारी रचना हा २.०चा गाभा राहील. लायडन त्यानंतर घेऊ. काँट्रॅक्शन हायरार्कीला पूर्वतयारीचे वेगळे यंत्रच लागते, म्हणून ती सध्या बाजूला ठेवली आहे.

पुराव्याच्या सूचनेबद्दल मात्र माझ्या मनात शंका होती, म्हणून रात्री सर्वांत सोपा भाग लिहून पाहिला: ८ नोडांपर्यंतचे यादृच्छिक ग्राफ तयार करायचे, एडमंड्स-कार्प चालवायचा, शेवटच्या उरलेल्या क्षमतांवरून छेद काढायचा आणि मूळ ग्राफमधली त्याची क्षमता प्रवाहाशी ताडून पाहायची. पहिल्याच मिनिटात तपास अडकला. ग्राफ छोटा करत करत चार कडांवर आणला: उगम→अ क्षमता ३, अ→ब क्षमता ३, ब→अ क्षमता २, ब→अंत्य क्षमता ३. आमचा कोड प्रवाह ० सांगत होता आणि छेदाची क्षमता ३ येत होती. नोडांच्या प्रत्येक क्रमित जोडीसाठी आम्ही उरलेल्या क्षमतेचा एकच रकाना ठेवला होता आणि कड घालताना तिच्या उलट दिशेच्या रकान्यात शून्य लिहीत होतो, त्यामुळे ब→अ आल्याबरोबर 'अ→ब'ची क्षमता पुसली जात होती. आमच्या चाचण्यांतल्या एकाही ग्राफमध्ये दोन्ही दिशांच्या कडा नव्हत्या, म्हणून हा बग पहिल्या आवृत्तीपासून तिथेच बसून होता.

दुरुस्तीत आता प्रत्येक कडेला स्वतःची वेगळी उलटी जोडीदार कड दिली आहे. ही दुरुस्ती २.०ची वाट न पाहता चालू आवृत्तीतच या आठवड्यात जाईल, आणि ज्यांनी दोन्ही दिशांच्या कडा असलेल्या ग्राफवर आमचा कमाल प्रवाह वापरला असेल त्यांनी आपली जुनी उत्तरे पुन्हा काढून पाहावीत, अशी सूचना आवृत्तीच्या टिपणीत पहिल्याच ओळीत देत आहोत. टार्जन आणि फ्लॉइड-वॉर्शलसाठी दोन इश्यू उघडले आहेत. साखळी १० लाखांची लागलीच नाही, दीड लाखालाच प्रोग्राम कोसळला.